एफएमजीईची तयारी खान्देशात घरी बसून : कागदांपासून १५०व्या गुणापर्यंत

रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांतून डॉक्टरकीची पदवी घेऊन जळगाव, धुळे, नंदुरबारला परतलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिलं आहे. पदवी हातात असली तरी भारतात रुग्ण तपासायचा अधिकार त्या पदवीने मिळत नाही. त्यासाठी एफएमजीई म्हणजे परदेशात शिकलेल्या वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सत्रांची, ही परीक्षा राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ म्हणजे एनबीईएमएस घेतं. प्रत्यक्ष तारीख अनेकदा पुढे सरकते. २०२४ च्या जून सत्राची परीक्षा ६ जुलैला झाली आणि डिसेंबर सत्राची १२ जानेवारी २०२५ ला.

‘नेक्स्ट येणार आहे, मग एफएमजीई कशाला?’ असं म्हणत थांबलेले बरेच जण भेटतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात नेक्स्टची, म्हणजे डॉक्टरकीच्या शेवटी सगळ्यांसाठी एकच परीक्षा असावी याची, तरतूद आहे हे खरं, पण तिची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. नेक्स्ट प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत एफएमजीई हाच रस्ता आहे. थांबल्याने फायदा तर होत नाहीच, शिवाय शेवटच्या वर्षात शिकलेलं दर महिन्याला पुसट होत जातं.

आधी कागद, मग पुस्तक

अभ्यास चांगला होऊनही कागदामुळे सत्र हुकलेली मुलं दर वेळी असतात. म्हणून परत आल्यावर पहिला आठवडा फक्त कागदांना द्या.

पदवी किंवा उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र तुमच्या हाती कोणत्या तारखेपर्यंत आलेलं असावं, ते माहितीपत्रकात म्हणजे बुलेटिनमध्ये दिलेलं असतं. अलीकडे जून सत्रासाठी ३० एप्रिल आणि डिसेंबर सत्रासाठी ३१ ऑक्टोबर ही तारीख राहिली आहे. विद्यापीठाचा निकाल लागला पण प्रमाणपत्र मेमध्ये मिळालं, तर जूनचं सत्र गेलं असं समजा आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक आखा.

पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशातही चालणारा शिक्का) लागतं, किंवा त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन. इथे एक गैरसमज फार महागात पडतो. अपोस्टिल नेहमी कागद देणाऱ्या देशाचंच चालतं. रशियाच्या पदवीवर अपोस्टिल रशियात होतं, दिल्लीत किंवा मुंबईत नाही. दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल भारतीय कागदांसाठी असतं. विमानात बसण्याआधी ते काम तिथेच उरकलं नाही, तर पदवी कुणाबरोबर तरी परत पाठवावी लागते आणि त्यात सहज दोन-तीन महिने जातात. पदवी इंग्रजीत नसेल तर भाषांतराची प्रतही तशाच रीतीने प्रमाणित करून आणा.

तिसरी गोष्ट नावाची, आणि आपल्याकडे ती सगळ्यात जास्त अडते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. रशियन लिपीतून पुन्हा इंग्रजीत येताना पदवीवर नावातली अक्षरं बदललेली. चौधरी, महाजन, पाटील ही आडनावं तर निरनिराळ्या वर्तनींनी लिहिलेली सापडतात. लग्नानंतर पासपोर्टवरचं आडनाव बदललेल्या मुलींची अडचण आणखी वाढते. दहावीची गुणपत्रिका, पासपोर्ट, नीटचं स्कोअरकार्ड, पदवी आणि आधार हे पाचही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर विद्यापीठाकडून दुरुस्तीचं पत्र, प्रतिज्ञापत्र, आणि नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद, या गोष्टी अर्ज भरण्याआधी मिळवा. कमतरता दूर करण्यासाठी मिळणारी मुदत थोड्या दिवसांची असते. तेवढ्यात परदेशी विद्यापीठाकडून पत्र येत नाही.

पात्रतेचं काय, हेही याच आठवड्यात तपासा. नीट सक्तीची झाल्यानंतर गेलेल्यांसाठी नीट उत्तीर्ण असणं हीच पात्रता धरली जाते, त्याआधी गेलेल्यांना पात्रता प्रमाणपत्र लागतं. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना नवे नियम लागू आहेत : किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता आणि सगळं मिळून १० वर्षांच्या आत पूर्ण. करोना किंवा युद्धामुळे ज्यांची काही सत्रं ऑनलाइन झाली, त्यांनी ती प्रत्यक्ष भरून काढल्याचं विद्यापीठाचं पत्र आत्ताच मागवून ठेवावं. त्यांच्यासाठी इंटर्नशिपचा काळही वाढू शकतो.

अर्ज भरताना फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा बुलेटिनमध्ये सांगितलेल्या आकारातच हवा. लग्नातला फोटो कापून लावू नका. पार्श्वभूमी, चेहऱ्याचा आकार, अस्पष्टपणा या कारणांनी अर्ज परत येतात. अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत भरलेला बरा, कारण परीक्षेचं शहर निवडायचं असतं आणि आपल्याकडून सगळीच शहरं सारखी सोयीची नाहीत.

गुणांचा हिशेब

प्रश्न ३००, प्रत्येकी १ गुण, चुकल्यास वजाबाकी नाही, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. पेपर एकाच दिवशी दोन भागांत : दोन्ही भागांत १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. क्रमांक काढला जात नाही, १५१ आणि २५१ मिळवणारे सारखेच उत्तीर्ण. हे लक्षात आलं की तयारीची दिशा बदलते. सगळं यायची गरज नाही, पण निम्मं पक्कं यायला हवं. तरीही बऱ्याच सत्रांत चार-पाच जणांमागे जेमतेम एक जण उत्तीर्ण होतो. त्याचं मुख्य कारण अभ्यास कमी पडतो हे नाही, अभ्यास चुकीच्या जागी जातो हे आहे.

बुलेटिनमध्ये विषयवार वाटणी छापलेली असते. ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर लावा. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र ३०, पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यक) ३०. बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूलशास्त्र, अस्थिरोग, रेडिओडायग्नोसिस प्रत्येकी ५. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३. न्यायवैद्यक १०.

आता बेरीज करा. मेडिसिनपासून कान-नाक-घशापर्यंतचे पहिले सात विषय मिळून १७० गुणांचे आहेत. त्यात ६५ टक्के मिळवले तर साधारण ११०. पाच-पाच गुणांचे सहा विषय मिळून ३०, त्यात ६० टक्के म्हणजे १८. उरलेल्या १०० गुणांच्या सात विषयांत ४५ टक्के मिळाले तरी ४५. एकूण १७३. म्हणजे बायोकेमिस्ट्रीतली एकेक साखळी पाठ न करताही २३ गुणांची गादी अंगाखाली राहते. याउलट पहिल्या वर्षाच्या पुस्तकांपासून क्रमाने सुरुवात करणारा तीन महिने अॅनाटॉमी-बायोकेमिस्ट्रीत अडकतो आणि पीएसएमला शेवटचे चार दिवस देतो. नापास होण्याचा हा सगळ्यात नेहमीचा मार्ग.

मात्र पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी यांना ‘फक्त ३९ गुणांचे’ समजू नका. मेडिसिन आणि बालरोगाचे निम्मे प्रश्न त्यांच्यावरच उभे असतात. हे तीन आधी संपवले की मेडिसिन अर्ध्या वेळात होतं.

चोवीस आठवड्यांची आखणी

डिसेंबर सत्र धरलं तर जुलैपासून चोवीस आठवडे हाताशी असतात. पहिले बारा आठवडे पहिली फेरी. सुरुवात पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी, मायक्रोबायोलॉजी (तीन आठवडे), मग मेडिसिन आणि बालरोग (तीन आठवडे), सर्जरी आणि अस्थिरोग (दोन), स्त्रीरोग-प्रसूती (दीड), पीएसएम (दीड), उरलेल्या एका आठवड्यात नेत्ररोग आणि कान-नाक-घसा. पहिल्या वर्षाचे तीन विषय, न्यायवैद्यक आणि छोटे विषय या फेरीत रोज रात्री तासभर चालू ठेवा, स्वतंत्र आठवडे देऊ नका.

तेरावा ते एकोणिसावा आठवडा दुसरी फेरी. इथे व्हिडिओ लेक्चर बंद. हे फार कठीण जातं, कारण लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पण परीक्षेत कळणं मोजलं जात नाही, आठवणं मोजलं जातं. पान उघडण्याआधी कोऱ्या कागदावर त्या विषयाचं जे आठवतं ते पाच मिनिटं लिहा, मग नोट्समध्ये फक्त गळलेलं बघा. उदाहरणार्थ, कावीळ लिहायला घेतली तर बिलिरुबिनचे प्रकार, लघवीतला फरक, एन्झाइम आणि नवजात बाळाची कावीळ ही चार दारं उघडतात का ते पाहा. जे दार उघडलं नाही तेवढंच वाचा. विसाव्यापासून तेविसाव्यापर्यंत तिसरी फेरी आणि दर आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा. चोविसाव्यात नवीन काही नाही.

रोजचे तास किती? मन लावून आठ ते नऊ पुरतात. सकाळी चार तास वाचन, दुपारी तीन तास प्रश्न आणि त्यांचं विश्लेषण, रात्री दीड-दोन तास उजळणी. जून सत्राची तयारी करणाऱ्यांना एप्रिल-मे काढायचा असतो, आणि भुसावळ-जळगावकडचा ४४-४५ अंशांचा पारा दुपारी डोकं चालू देत नाही. त्या दोन महिन्यांत पहाटे साडेचार ते नऊ हाच मुख्य अभ्यास ठेवा, दुपारी बारा ते चार झोप आणि हलकी प्रश्नसरावाची कामं. वीज जाते तेव्हा इंटरनेटही जातं, म्हणून लेक्चर आणि प्रश्नसंच आधीच उतरवून ठेवा. घरात चार माणसं येत-जात असतील तर गावातल्या अभ्यासिकेत जागा घ्या. डिसेंबर सत्राला वेगळी अडचण असते : दिवाळीची गडबड, त्यामागून लग्नसराई, आणि थंडीत जवळपास दर रविवारी मळ्यात भरीत पार्टी. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक दहा दिवस सोडून बाकी कुठल्या कार्यक्रमाला तुम्ही नाही. आई-वडिलांनीही पाहुण्यांसमोर ‘पास झाला का?’ हा प्रश्न यायच्या आधी विषय बदलला, तर अभ्यासाला तो सगळ्यात मोठा हातभार आहे.

खान्देश हेच प्रश्नांचं पुस्तक

परदेशात शिकलेल्यांचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे भारतातले आजार, भारतातले कार्यक्रम आणि भारतातल्या विषबाधा. तिथल्या वॉर्डात मण्यार चावलेला रुग्ण दिसत नाही. पण आपल्या जिल्ह्यात हे रोजचं आहे, आणि परीक्षेतले कित्येक प्रश्न जणू इथूनच उचललेले असतात. म्हणून पाठ करताना डोळ्यासमोर इथला माणूस ठेवा.

कापसावर फवारणी करून आलेला शेतकरी : लाळ गळते, घाम सुटलाय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद. ऑर्गॅनोफॉस्फरसची विषबाधा. अॅट्रोपीन दर काही मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं. प्रश्न येतो की थांबायचं कधी? बाहुल्या मोठ्या झाल्यावर हे चुकीचं उत्तर, आणि पर्यायांत ते असतंच. छातीतले स्राव सुकले, फुप्फुसं स्वच्छ ऐकू आली आणि नाडी व रक्तदाब सुधारला की अॅट्रोपीन पुरेसं झालं.

रात्री खळ्यावर जमिनीवर झोपलेला तरुण पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या खाली येतात, चावल्याची खूण जवळपास नाही, सूज नाही. मण्यार. तिचं विष मज्जातंतूच्या टोकाच्या अलीकडे काम करतं, म्हणून निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही. नागाच्या दंशात मात्र होतो. पाय सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतं आणि लघवी कमी झाली, तर घोणस. त्यावर विचारतात २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं न हलवता. गोठलं नाही तर प्रतिविष, सुरुवातीला साधारण १० व्हायल. विंचवाच्या दंशात प्रॅझोसिन, आणि हा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचे, महाराष्ट्रातलेच.

आता सातपुड्यात चला. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला फाल्सिपॅरम मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. चाळणीसाठी सोल्युबिलिटी चाचणी, खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, उपचारात हायड्रॉक्सियुरिया. हाडाला जंतुसंसर्ग झाला तर साल्मोनेला आठवा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, उद्दिष्ट २०४७.

याच उदाहरणावर संख्याशास्त्रही बसवा, म्हणजे ते कायमचं पक्कं होतं. संवेदनशीलता (आजारी ओळखणं) ९० टक्के आणि विशिष्टता (निरोगी ओळखणं) ९० टक्के असलेली चाचणी १००० जणांवर केली. जिथे आजार १० टक्के लोकांत आहे तिथे १०० आजारींपैकी ९० पकडले गेले आणि ९०० निरोग्यांपैकी ९० चुकून ‘आजारी’ निघाले. म्हणजे ‘आजारी’ निघालेल्यांपैकी खरे आजारी ५० टक्के. तीच चाचणी १ टक्का आजार असलेल्या शहरात केली तर १० पैकी ९ पकडले आणि ९९० पैकी ९९ चुकीचे. खरे आजारी जेमतेम ८ टक्के. चाचणी तीच, पण सकारात्मक निदानाचं मूल्य आजाराच्या प्रमाणाने बदलतं. हा प्रश्न कोणत्याही वेशात आला तरी ओळखू येईल.

त्याच डोंगरात आरोग्ययंत्रणेचे आकडे बसतात. सपाट भागात उपकेंद्र ५,००० लोकसंख्येला, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,०००ला, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीचं सामुदायिक केंद्र १,२०,०००ला. डोंगरी-आदिवासी भागात हेच ३,०००, २०,००० आणि ८०,०००. चोपडा तालुक्यातलं सपाटीवरचं गाव आणि धडगावचा पाडा अशी जोडी मनात धरली की आकडे उलटसुलट होत नाहीत. कुपोषण : ६ ते ५९ महिन्यांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली, किंवा दोन्ही पायांवर खड्डा पडणारी सूज. यातलं एकही असलं तरी अतितीव्र कुपोषण. ओआरएसची एकूण ऑस्मोलॅरिटी २४५ : सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०.

लसीकरणाचं वेळापत्रक जवळच्या अंगणवाडीच्या भिंतीवर किंवा घरातल्या लहान बाळाच्या कार्डावर बघून शिका. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी (२४ तासांच्या आत). ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा पहिला बूस्टर. ५ ते ६ वर्षांत दुसरा बूस्टर. १० आणि १६ वर्षांना टीडी. भाची-पुतण्याचं कार्ड हातात घेऊन केलेली ही उजळणी तक्त्यापेक्षा जास्त टिकते. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात दोन महिने एचआरझेडई (आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल), पुढे चार महिने एचआरई. जैववैद्यकीय कचऱ्यात मानवी अवयव आणि रक्ताने माखलेला कापूस-पट्टी पिवळ्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या-पिशव्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात.

प्रसूतिशास्त्रात झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट हमखास. प्रिचर्ड पद्धत : ४ ग्रॅम शिरेतून, १० ग्रॅम स्नायूत (दोन्ही कुल्ल्यांत ५-५), मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका (नी-जर्क), श्वासाचा वेग आणि लघवी (४ तासांत किमान १०० मिली) बघायची. विषारी परिणामात सगळ्यात आधी गुडघ्याचा झटका जातो. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम.

प्रश्न सोडवायचे, पण कसे

रोज ५० प्रश्न, ५० मिनिटांत, सलग. मंडळाच्या परीक्षेत आता वेळबद्ध विभाग असतात. एका विभागाची वेळ संपली की तो बंद होतो, मागे जाऊन बघता येत नाही. म्हणून ‘शेवटी सगळे परत तपासू’ ही सवय मोडायला हवी, आणि ती घरीच मोडते. प्रत्येक विभागात पहिल्या ३५ मिनिटांत एक फेरी पूर्ण, उरलेल्या १५ मिनिटांत खूण केलेले प्रश्न.

सोडवून झाल्यावर बरोबर-चूक मोजून थांबू नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका खान्यात टाका. मुळात माहीतच नव्हतं. वाचलं होतं पण आठवलं नाही. माहीत होतं, पण प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या खान्याला वाचन लागतं, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला वाचन अजिबात लागत नाही. तिसऱ्यावर उपाय एकच : आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचा, ‘सोडून’, ‘पहिला’, ‘सर्वोत्तम’ हे शब्द मनात अधोरेखित करा, मग वरची गोष्ट वाचा. पहिली कृती विचारली असेल आणि तुम्ही निश्चित उपचार निवडला तर ज्ञान असूनही गुण जातो. बरेच जण आपल्या चुकांचंच चुकीचं निदान करतात आणि पुन्हा पुस्तकं वाचत बसतात, जेव्हा त्यांचे निम्मे गुण तिसऱ्या खान्यात गळत असतात.

चित्रांचे प्रश्न वेगळे सरावा. एक्स-रे, ईसीजी, त्वचेवरचे चट्टे, उपकरणं, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड. रोज रात्री दहा चित्रं, नाव लपवून. सिझेरियनची, प्रसूतीची आणि कान-नाक-घशाची उपकरणं ओळखता येणं म्हणजे फुकटचे गुण.

उत्तर येत नसेल तरी रिकामं सोडू नका. पूर्ण अंधारात ४० प्रश्नांवर ठोकलं तर सरासरी १० गुण येतात. दोन पर्याय बाद करता आले तर तेच २०. काठावर अडकलेल्यांचा निकाल इथेच ठरतो. पण एकदा विचारपूर्वक निवडलेलं उत्तर ठोस कारणाशिवाय बदलू नका.

सराव परीक्षा परीक्षेच्याच वेळेला द्या : सकाळी ९ ते साडेअकरा, दुपारी २ ते साडेचार. दुपारच्या भागात गुण घसरत असतील तर कारण बहुतेक वेळा जेवणात असतं. सरासरी १६५च्या वर स्थिर असेल तर पद्धत बदलू नका. १४० ते १५५ असेल तर नवीन विषय नको, दुसऱ्या खान्यातले प्रश्न पुन्हा सोडवा. महिनाभर आधीही १२०च्या खाली असाल तर सगळं सोडून पीएसएम, स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा एवढे पाच विषय धरा. १०५ गुण आहेत यांचे, आणि कमी दिवसांत सर्वात जास्त परतावा हेच देतात.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पोहोचा. जळगाव-भुसावळकडून नाशिक, मुंबई, नागपूरला थेट गाड्या आहेत; नंदुरबारहून उधना-जळगाव मार्गावरची गाडी धरून जळगावला बदलावी लागू शकते; धुळेकरांना नाशिक-मुंबईसाठी महामार्गच बरा. रात्रभर प्रवास करून सकाळी परीक्षा देऊ नका. रात्रीची गाडी दोन तास उशिरा आली तर प्रवेशद्वार बंद होतं, आणि त्यावर कुणाचंही काही चालत नाही. मुक्काम केंद्रापासून चालत किंवा अर्ध्या तासाच्या अंतरात घ्या आणि संध्याकाळी एकदा केंद्र बघून या.

आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी किंवा बाहेरचं भरीत नको. वरण-भात, पोळी-भाजी, बस. प्रवेशपत्राची छापील प्रत (फोटो चिकटवायचा असेल तर चिकटवून), मूळ ओळखपत्र आणि प्रवेशपत्रावर सांगितलेल्या कागदांच्या प्रती एका पाकिटात. मोबाइल, घड्याळ, दागिने, पाकीट, पेन आत नेता येत नाही. मंगळसूत्र किंवा धार्मिक धागा याबाबतची सूचना प्रवेशपत्रावर वाचूनच निघा. तपासणी आणि अंगठ्याच्या ठशाला वेळ लागतो, म्हणून दिलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच रांगेत उभे राहा.

दोन भागांच्या मधल्या वेळेत सकाळच्या प्रश्नांची चर्चा करू नका. कुणी तरी तुमचं उत्तर चूक आहे असं सांगतं, ते खरं असेलच असं नाही, आणि दुपारचे १५० गुण त्याने डळमळतात. दही-भात, केळं, पाणी आणि वीस मिनिटं डोळे मिटून बसणं. केळं तर आपल्या रावेर-यावलचंच, कुठल्याही शहरात मिळेल.

निकालानंतर

उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, ती संपल्यावर कायम नोंदणी. इंटर्नशिपची जागा उपलब्धतेनुसार मिळते. खान्देशात धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय, जळगावचं आणि नंदुरबारचं शासकीय महाविद्यालय आहे, शिवाय खाजगी महाविद्यालयंही आहेत. अर्ज निकालाच्या दिवसापासून तयार ठेवा, कारण नोंदणीला लागणारे कागद पुन्हा तेच असतात : पदवी, अपोस्टिल, पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, नावातला फरक.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नोंदणी होण्याआधी कुठल्याही दवाखान्यात रात्रपाळीचा ‘आरएमओ’ म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून रुग्णांना औषध लिहून देऊ नका, ओळखीचे डॉक्टर कितीही आग्रह करोत. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अशी नोंद असलेल्याची पुढची नोंदणीही अडचणीत येते. शिकायचं असेल तर निरीक्षक म्हणून उभे राहा, सही करू नका. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाचा फोनही उचलू नका. त्याला दिलेले पैसे परत येत नाहीत आणि गैरप्रकारात नाव आलं तर परीक्षाच बंद होते.

गुण कमी पडले तर पंधरा दिवस विश्रांती घ्या, मग सराव परीक्षांच्या विषयवार गुणांवरून कुठे कमी पडलात ते शोधा. १३५ ते १४९ मध्ये अडकलेल्याने लेक्चरची नवी मालिका विकत घेऊ नये. त्याच नोट्स, तोच चुकांचा वहीतला हिशेब आणि दिवसाला ५० ऐवजी १०० प्रश्न, असं चौदा आठवडे. ११०च्या खाली असलेल्याने मात्र पहिल्या फेरीपासून, पॅथॉलॉजीपासून, पुन्हा सुरुवात करावी, आणि पुढचंच सत्र गाठायचा हट्ट न धरता लागेल तर एक सत्र मध्ये सोडून द्यावं.